मानसिक दवाखान्यात ॲडमिट करायचंय? आधी कलम कुठलं ते विचारा

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत माझं मेडिकल आहे, त्यामुळं चिठ्ठीबरोबर लोकं बाकीचं पण सगळं काउंटरवरच विचारतात, आणि त्यात सारखा येणारा प्रश्न म्हणजे "भावाला डोक्याच्या दवाखान्यात ठेवायचंय, कोर्टाची ऑर्डर कुठून काढायची?" जत-आटपाडीपासून तिकडं माण-खटावपर्यंत हा समज घट्ट बसलाय की आधी कोर्ट, मग दवाखाना. आणि याच्या बरोब्बर उलटा समज पण तितकाच घट्ट, की घरातल्या कर्त्यानं सही ठोकली की विषय संपला, माणूस आत. दोन्ही चूक आहे.

कोर्टाचं कुठून आलं ते कळतं, १९८७ च्या जुन्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं भरती करायची पद्धत होती, म्हाताऱ्या लोकांच्या डोक्यात तेच राहिलंय. तो कायदा गेला. आता आहे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. यात ॲडमिशनचे मोजके रस्ते आहेत आणि प्रत्येकाला आपापलं कलम आहे, आणि कुठल्या कलमाखाली माणूस आत गेला त्यावर पुढचं सगळं ठरतं, किती दिवस ठेवता येतं, घरी कोण सोडवू शकतं, कोणाची सही चालते, तक्रार कुठं करायची. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, बेड नंबर विचारायच्या आधी कलम विचारा. कलम २२ प्रमाणं पेशंटला आणि त्याच्या प्रतिनिधीला ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगणं दवाखान्याला बंधनकारक आहे. इंग्रजी फॉर्म पुढं सरकवून "इथं सही करा" एवढ्यानं भागत नाही.

आता क्रमानं बघू.

आधी ओपीडी

बहुतेक लोकांना ॲडमिट करायची गरजच नसते. गोळ्या, वेळेवर फॉलोअप, घरच्यांना थोडं समजावणं यावर बरीच माणसं रुळावर येतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे जवळच्या सरकारी दवाखान्याची मानसोपचार ओपीडी. सांगलीकडच्या लोकांना सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं मेडिकल कॉलेज, साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला कृष्णा हॉस्पिटल, फक्त ते सरकारी नाही, खाजगी आहे. लांबच्या मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी आपल्याला सोयीची दोन, खंबाटकी ओलांडून येरवडा नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरी, पण पहिल्याच दिवशी गाडी करून थेट तिकडं पळायची काही गरज नाही. रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल तर १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, सरकारी आणि फुकट आहे, मराठीत बोलतात.

ओपीडीला जाताना आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन जा. स्ट्रिप कापून नुसत्या दोन गोळ्या आणू नका हो, नाव कापलेल्या बाजूला राहतं आणि आम्ही बसतो रंगावरून ओळखत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक पानभर लिहून न्या. कारण हमखास होतं काय तर घरात महिनाभर आकांत करणारा माणूस डॉक्टरसमोर दहा मिनिटं एकदम शहाण्यासारखा बोलतो आणि घरचेच खोटे पडतात. "लय त्रास देतो" असं लिहून उपयोग नाही. असं लिहा: "पाडव्यापासून रात्री झोप नाही. शेजाऱ्यांनी आडात काहीतरी टाकलंय म्हणतो, आठ दिवस घरचं पाणी पीत नाही. जेवण एक वेळ, ते पण आईनं आधी खाल्लं तर. सोमवारी खुरपं घेऊन चुलत्याच्या अंगावर गेला, दोघांनी धरला." ह्या चार ओळींचं डॉक्टरला खूप काम होतं, आणि पुढं ॲडमिशनची वेळ आली तर कायद्याला नेमकं हेच लागतं.

माणूस स्वतः तयार असेल तर

हा सगळ्यात सरळ रस्ता, कलम ८६, आणि कायदा म्हणतो होता होईल तेवढी प्रत्येक ॲडमिशन अशीच व्हावी. अठरा वर्षांवरचा माणूस स्वतः म्हणाला की मला त्रास होतोय, मला ठेवून घ्या, तर डॉक्टर एवढंच बघतात की आजार ॲडमिट करण्याइतका आहे का, त्यात फायदा होईल का, आणि हा माणूस समजून-उमजून, कोणाच्या दबावाशिवाय बोलतोय का. घरच्यांची सही लागत नाही. घरचे हजर असायची पण अट नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण एकट्यानं आलेल्या पोरा-पोरींना "नातेवाईक घेऊन या" म्हणून परत पाठवलेलं मी बघितलंय.

असा पेशंट स्वतःच्या मर्जीनं डिस्चार्ज मागू शकतो, डॉक्टरची परवानगी लागत नाही. फक्त एक आडकाठी आहे, कलम ८८ मधली. डॉक्टरला वाटलं की याला आता स्वतःचं कळत नाहीये किंवा धोका आहे, तर जास्तीत जास्त २४ तास थांबवून तपासणी करता येते, आणि त्यात एकतर पुढचं कलम ८९ लावायचं नाहीतर सोडायचं. मधलं काही नाही.

कित्येक घरात हा रस्ता कोणी चाचपून बघतच नाही. चार दिवस गोड बोलून, त्याच्या भरवशाच्या माणसाकडून, मामा असेल, तालमीतला दोस्त असेल, शाळेचे सर असतील, विचारून बघा. "तुला वेड लागलंय" म्हटलं तर कोण तयार होणार? "झोप येत नाही ना, झोपेचं बघू" म्हटलं की निम्मी माणसं गाडीत बसतात. आणि ते खोटं पण नाही, झोप खरंच उडालेली असते.

प्रतिनिधी कोण

पुढच्या रस्त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नावाचा माणूस लागतो, तो आधी समजून घ्या. कलम १४ प्रमाणं कोणीही सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो, साध्या कागदावर, सही नाहीतर अंगठा. स्टँप पेपर नको, वकील नको. मजकूर असा चालतो: "मी, अमुक अमुक, वय इतके, राहणार पलूस, माझ्या मानसिक उपचारासंबंधी माझी बहीण अमुक हिला माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. यापूर्वी कोणाला नेमले असल्यास ते रद्द समजावे." खाली तारीख, सही, आणि बहिणीची पण कबुलीची सही, कारण तिनं हे काम करायची तयारी लेखी द्यावी लागते. माणूस बरा असताना हा कागद करून ठेवला तर उत्तम. कधीही बदलता येतो.

कोणाला नेमलंच नसेल तर मग क्रम लागतो, आधी नातेवाईक, ते नसतील तर सांभाळणारा माणूस, मग बोर्ड, म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ (त्याचं पुढं सांगतो), ठरवेल तो, आणि शेवटी समाजकल्याण खातं. नातेवाईक म्हणजे रक्ताचे, लग्नाचे, दत्तक, सगळे आले. ज्या बाईचं सासरी पटत नाही तिनं हे नीट वाचावं, कारण कागद नसेल तर नवरा पण नातेवाईक म्हणून पुढं येऊ शकतो, आणि भावाच्या नावाचा कागद असेल तर भावाचा शब्द आधी. एकदा आजार झाला म्हणजे माणूस कायमचा कायद्यानं वेडा ठरला असं तर अजिबातच नाही. कलम ३ मध्ये स्पष्ट आहे, नुसता मानसिक आजार आहे म्हणून कोणी 'अनसाउंड माइंड' होत नाही, ते कोर्टानं ठरवावं लागतं, आणि घरच्यांच्या रीतीभातीत बसत नाही म्हणून कोणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. वाटणीच्या आधी चुलत्याला "मेंटल" म्हणून कागद काढायला बघणारे महाभाग आपल्याकडं आहेत, त्यांनी पण वाचावं.

याच्याबरोबर अजून एक सोय आहे, आगाऊ सूचनापत्र. माणूस बरा असताना लिहून ठेवतो की मला पुन्हा असं झालं तर अमुक उपचार द्या, अमुक नको. ॲडमिट करताना डॉक्टरांनी ते लक्षात घ्यायचं असतं. इमर्जन्सीत मात्र ते लागू होत नाही.

माणूस तयार नाही आणि धोका आहे: कलम ८९

लोकांना खरं विचारायचं असतं ते हेच. इथं अर्ज प्रतिनिधीनं करायचा. मग दोघांनी पेशंटला वेगवेगळं तपासायचं, ॲडमिशनच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकॅट्रिक सोशल वर्कर, मानसोपचाराची नर्स किंवा साधा एमबीबीएस डॉक्टर असला तरी चालतो. दोघांचं एकमत पाहिजे की आजार इतका तीव्र आहे की तीनपैकी निदान एक गोष्ट अलीकडं घडलीये किंवा घडतीये. एक, स्वतःला इजा करायची धमकी दिली किंवा प्रयत्न केला. दोन, दुसऱ्यावर हिंसा केली किंवा दुसऱ्याला जिवाची भीती वाटेल असं वागला. तीन, स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडं गेलाय, म्हणजे खाणं-पिणं-आंघोळ सुटलीये आणि त्यातनं जिवाला धोका आहे. वर ते पान लिहायला सांगितलं ना, ते इथं कामाला येतं.

एवढ्यानं पण पुरत नाही. यापेक्षा कमी बंधनाचा उपाय उरला नाही हे पण दोघांनी लिहायचं, आणि हा माणूस उपचाराचा निर्णय स्वतः घेण्याच्या अवस्थेत नाही, त्याला प्रतिनिधीची खूप मदत लागणार आहे, हे पण.

"पण आळशी आहे, काम करत नाही, शिव्या देतो" यावर कलम ८९ लागत नाही. लोकं इथं चिडतात. चिडून काय करणार, उद्या तुमच्याच बाबतीत कोणी असं केलं तर?

ही ॲडमिशन जास्तीत जास्त ३० दिवसांची. दवाखान्यानं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, सगळे बोर्डच म्हणतात, कळवायचं, पेशंट बाई असेल तर तीन दिवसांत, पुरुष असेल तर सात दिवसांत. बोर्डाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात, बरोबर जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर, आणि स्वतः आजारातून गेलेली किंवा घरात पेशंट सांभाळणारी माणसं पण असतात. पेशंटला वाटलं मला उगाच ठेवलंय तर तो स्वतः, त्याचा प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीनं एखादी नोंदणीकृत संस्था बोर्डाकडं अर्ज करू शकते, आणि बोर्डानं सात दिवसांत निकाल द्यायचा. वकील फुकट मिळतो, जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० ला फोन करा.

प्रतिनिधीनं ॲडमिशनचा अर्ज केला म्हणजे पुढच्या सगळ्या उपचाराची किल्ली त्याच्या हातात आली असं नाही. पेशंटला समजावून, त्याच्या संमतीनंच उपचार करायचे, प्रतिनिधी मदतीला. अगदीच काही कळत नसेल तेव्हाच प्रतिनिधीनं त्याच्या वतीनं तात्पुरती संमती द्यायची आणि दर सात दिवसांनी डॉक्टरनं बघायचं की आता कळायला लागलं का. कळायला लागलं आणि राहायला तयार असेल तर तोच माणूस कलम ८६ मध्ये येतो, म्हणजे स्वतःच्या मर्जीचा पेशंट.

३० दिवसांनी पण गरज असेल, किंवा सोडल्यावर सात दिवसांच्या आत परत ॲडमिट करायची वेळ आली, तर कलम ९०. तिथं दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि बोर्डाची मंजुरी लागते. पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग एका वेळी १८०. डिस्चार्जनंतर पाचव्या दिवशी घाबरून परत नेलं तर कागदपत्रं का वाढली म्हणून दवाखान्यावर खेकसू नका, कारण हे आहे.

गाडीत बसेचना तर

आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल, स्वतःच्या, दुसऱ्याच्या, किंवा मोठी नासधूस चाललीये, तर कलम ९४. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, गावातला एमबीबीएस सुद्धा, घरी येऊन इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं, आणि जवळच्या मानसिक दवाखान्यापर्यंत नेणं पण याच्यातच येतं. मुदत ७२ तास, किंवा तिथं तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. शॉक ट्रीटमेंट यात देता येत नाही. १०८ ला फोन करताना "पेशंट हिंसक आहे, मानसिक त्रास आहे" असं स्पष्ट सांगा, फिट आलीये वगैरे बनाव करू नका.

आणि चहात झोपेच्या गोळ्या घालून न्यायचं डोक्यातनं काढा. काउंटरवर येऊन चिठ्ठीशिवाय "तसली एखादी गोळी द्या की" म्हणणाऱ्यांना मी हाकलून लावतो, दारू प्यायलेल्या माणसाला ती गोळी दिली तर श्वास बंद पडू शकतो. शिवाय एकदा असं फसवून नेलेला माणूस परत कधी घरच्यांच्या हातचं पाणी पीत नाही, मग पुढची दहा वर्षं गोळ्या कोण देणार?

दारूच्या बाबतीत तर अजून वाईट चाललंय. व्यसनमुक्ती केंद्राची गाडी रात्री येते, चार दांडगी पोरं उतरतात, झोपलेल्या माणसाचे हातपाय धरून उचलतात आणि तीन-सहा महिने फोन पण नाही. घरच्यांनी पैसे भरलेले असतात म्हणून सगळ्यांना वाटतं कायदेशीरच असणार. दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रास याच कायद्यात येतात, त्यामुळं तपासणी नाही, कलम नाही, बोर्डाला कळवणं नाही आणि माणूस डांबलाय, तर ते बेकायदा आहे. पैसे भरायच्या आधी केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. नोंदणी नसताना असं केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, आणि परत परत केलं तर ५ लाखापर्यंत जातो.

साखळीचं पण सांगतो. गोठ्यात नाहीतर देवस्थानाच्या आवारात माणूस बांधून ठेवायचा प्रकार अजून अधनंमधनं दिसतो. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली तेव्हा २८ माणसं साखळीला बांधलेली होती म्हणून जळून मेली. आताच्या कायद्याच्या कलम ९५ प्रमाणं साखळी कुठल्याही प्रकारे चालत नाही. आणि भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं बांधून मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, ज्या कायद्यासाठी आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. देवाला जायचं तर जा, पण गोळ्या चालू ठेवून जा.

पोलीस आणि मॅजिस्ट्रेट

एसटी स्टँडवर, हायवेच्या कडेला कोणी भ्रमिष्ट अवस्थेत फिरताना दिसलं तर ११२. कलम १०० प्रमाणं पोलीस त्याला संरक्षणात घेतात आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला नेतात. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. माणूस बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचं काम पण पोलिसांचंच.

घरात कोणी पेशंटचे हाल करतंय, कोंडून ठेवलंय, उपाशी ठेवलंय असं कळलं तर पोलिसांना सांगा, ते मॅजिस्ट्रेटला कळवतात. मॅजिस्ट्रेट त्या माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायला लावू शकतो, तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस ठेवायला सांगू शकतो. कोर्टाची ऑर्डर म्हणून जे सगळे शोधत असतात ते आता मुख्यतः अशा प्रसंगापुरतं उरलंय.

लहान मुलं

अठराच्या आतलं मूल असेल तर कलम ८७. अर्ज पालकांचा, तपासणी दोघांची, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही, प्रतिनिधी किंवा त्यानं नेमलेलं कोणीतरी कायम सोबत राहायचं, मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाईमाणूस. बोर्डाला ७२ तासांत कळवायचं. आईलाच ॲडमिट करायचं असेल आणि मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर साधारणपणे दोघांना तोडायचं नाही.

आत गेल्यावर आणि बाहेर येताना

जबरदस्तीनं टक्कल करायचं नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे, फोनवर बोलू द्यायचं, एकांत कोठडी नाही. भूल दिल्याशिवाय शॉक नाही. पेशंटचा व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी थोडी लाज बाळगावी.

सरकारी मानसिक दवाखान्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर लोकांना उपचार फुकट आहेत, कार्ड नसलं तरी. खाजगीत नेणार असाल आणि मेडिक्लेम असेल तर इन्शुरन्सवाल्याला विचारा, कलम २१ प्रमाणं शारीरिक आजाराला जसं कव्हर तसंच मानसिकला द्यायचंय. "यात बसत नाही" म्हणाला तर तेच लेखी द्या म्हणायचं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

डिस्चार्जच्या दिवशी घाईत निघू नका. पुढं कोण बघणार, कुठल्या तारखेला यायचं, हे डॉक्टरांनी पेशंट आणि घरच्यांशी बसून ठरवायचं असतं, तेवढा वेळ मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं ठळक अक्षरात लिहून घ्या. तुमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती मिळतात का, नसतील तर त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची चालेल का, हे दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधी विचारा, आणि निदान महिन्याच्या गोळ्या सोबत घेऊनच एसटीत बसा.